रांगोळीचा दगड आणि आगरवाड्याचे मिठागर

आमच्या बेळगावच्या घरासमोर रोज सकाळी रांगोळी उमटते ती सूनबाईच्या हातची. ती बागलकोटकडची. ठिपके मोजताना ती ओंदु, एरडु, मूरु असे मोजते आणि मी स्वयंपाकघरातून एक, दोन, तीन म्हणत तिच्या मागोमाग जाते. आमच्या घरात भाषा दोन असल्या तरी उंबरा एकच आहे. एक नियम मात्र माझ्या आईपासून चालत आलेला आणि सूनबाईच्या माहेरीही तोच : कालच्या रांगोळीवर आजची रेघ ओढायची नाही. आधी सडा घालायचा, जुने धुऊन काढायचे, मगच नवे काढायचे.

गेल्या महिन्यात नातवाने या रांगोळीवर संशय घेतला. शाळेत त्याला शिकवले होते, की चुनखडीवर आम्ल टाकले की ती फसफसते. मग काय, स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. अंड्याच्या कवचावर लिंबू पिळले, बारीक बुडबुडे आले. तिसऱ्यांच्या शिंपीवर पिळले, तिथेही आले. मग स्वारी रांगोळीच्या डब्याकडे वळली. चमचाभर पूड बशीत घेऊन तिच्यावर अर्धे लिंबू पिळले, तर काही म्हणता काही नाही!

"आजी, ही रांगोळी खोटी आहे!"

सूनबाई हसली. म्हणाली, "खोटी नाही रे, नम्मूरिंदु. आमच्या गावाकडची आहे."

तिचे म्हणणे खरे होते. बागलकोट जिल्ह्यात लोकापूरच्या बाजूला चुनखडकाच्या आणि डोलोमाइटच्या खाणी आहेत. बाजारातली पांढरी रांगोळी पुष्कळदा अशा डोलोमाइटची किंवा तशाच पांढऱ्या दगडाची पूड असते. डोलोमाइट हा चुनखडकाचा सख्खा भाऊ. चुनखडकात कॅल्शियम आणि कार्बोनेट असते. डोलोमाइटमध्ये कॅल्शियमच्या जोडीला तितकेच मॅग्नेशियम, तेही थरावर थर असे शिस्तीत बसलेले. म्हणून तो थंड, सौम्य आम्लाला दाद देत नाही. आम्ही थोडे व्हिनेगर कोमट करून टाकले तेव्हा कुठे बशीत चुळबुळ सुरू झाली. नातवाचे समाधान झाले आणि तो खेळायला पळाला.

माझे समाधान मात्र झाले नाही. मी पंचवीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, पण हा दगड तयार कसा होतो हे मुलांना कधी नीट सांगू शकले नव्हते. त्याच आठवड्यात पेडण्याहून मामेभावाचा फोन आला आणि या दोन गोष्टी एकमेकींना येऊन मिळाल्या. वाचकहो, ती हकिगत आज सांगते.

माझे आजोळ पेडणे तालुक्यातले आगरवाडा. शापोरा नदीच्या काठचे गाव. नावातच आगर आहे, आणि आगर म्हणजे मिठागर. लहानपणी मे महिन्यात तिथे गेले की मामाच्या बांधावरून चालताना दोन्ही बाजूंना आरशासारखे वाफे आणि कडेला मिठाचे पांढरे ढीग दिसत. मामाने आयुष्यभर मीठ पिकवले. आम्ही 'पिकवले' असेच म्हणतो, कारण ती शेतीच आहे. मामेभाऊ मात्र या शेतीत रमला नाही. डिचोलीकडे खनिजाचा धंदा जोरात होता, त्याने कर्ज काढून ट्रक घेतला. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मध्यंतरी थोड्या सुरू झाल्या, पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या. ट्रक अंगणात उभा राहिला. दरम्यान मामा गेला. मिठागराच्या बांधाला भगदाड पडले आणि वाफ्यांत भरतीचे पाणी वाटेल तसे शिरू लागले.

फोनवर तो म्हणाला, "आक्का, आमचें मीठ आतां कोण घेता गे?" कोळंबीच्या तळ्यासाठी जागा भाड्याने मागणारे कोणी येऊन गेले होते. मोपाचा विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात झाल्यापासून पेडण्यात जमिनीकडे पाहण्याची नजरच बदलली आहे. मामी म्हणत होती, बांध घाल. तो म्हणत होता, कशासाठी? "तू विज्ञानाची बाई. तूच येऊन सांग, त्या चिखलात ठेवण्यासारखं काय आहे ते."

म्हणून मी गेले. सूनबाई आणि नातूही बरोबर आले.

शेजारच्या एका घराचे मिठागर अजून चालू आहे. आधी आम्ही ते पाहिले. पाऊस संपला की वाफ्यांतले पाणी काढायचे, बांध सावरायचे, तळ पायांनी तुडवून आणि चोपून गुळगुळीत करायचा. मग मानस, म्हणजे पाण्याचे दार, उघडून भरतीचे खारे पाणी पहिल्या मोठ्या वाफ्यात घ्यायचे. तिथून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून शेवटच्या छोट्या वाफ्यात. प्रत्येक वाफ्यात ऊन पाण्याला थोडे थोडे आटवते. माघापासून वैशाखापर्यंत हाच क्रम.

"एकाच वाफ्यात आटवलं तर?" नातवाने विचारले. प्रश्न अगदी योग्य होता.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पण ते सगळे एकदम खाली बसत नाहीत, प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. पाणी आटून निम्म्याच्या आसपास आले की पहिल्यांदा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचा अंश, तळाला बसतो. पाणी चौथ्या हिश्श्यावर आले की जिप्सम बसते. आपले खाण्याचे मीठ खडे धरते ते पाणी आटून दहाव्या हिश्श्याच्या आसपास आल्यावर. त्यानंतर उरते ते कडू पाणी, त्यात मॅग्नेशियमचे क्षार. म्हणून वाफे वेगवेगळे. चुनखडी पहिल्या टप्प्यात राहते, जिप्सम मधल्या, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ बरेचसे स्वच्छ उतरते. हे गणित कोणत्याही पुस्तकात न वाचता आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाळले. घाईचे मीठ कडवट आणि कचकचीत लागते, एवढे त्यांना जिभेने कळत होते.

मग आम्ही मामाच्या मोडक्या मिठागरात गेलो. मामेभावाने काठी रोवून चिखलाचा एक तुकडा उचलून दाखवला. वर हिरवा, बुळबुळीत, चामड्यासारखा पापुद्रा. त्याखाली तांबूस छटा. त्याखाली काळाकुट्ट चिखल, आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास. सूनबाईने नाकाला पदर लावला. मामेभाऊ म्हणाला, "हेच ते. घाण नुसती."

ही घाण म्हणजे एक वस्ती आहे आणि तिच्यात कामाची वाटणी आहे. वरच्या हिरव्या थरात नील-हरित जीवाणू राहतात. झाडांसारखे ते उन्हावर अन्न करतात. त्यासाठी पाण्यातला कर्बवायू ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्या भोवतीचे पाणी अल्कधर्मी होते आणि चुनखडीचे कण सुटे होऊन खाली बसू लागतात. म्हणजे जे काम ऊन सावकाश करते त्याला हे हातभार लावतात. खालच्या काळ्या थरात हवा पोचत नाही. तिथे दुसरीच मंडळी असतात. आपण प्राणवायूवर जगतो, ते समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात. वरच्यांनी टाकलेले मेलेले, कुजलेले खायचे आणि सल्फेट वापरायचे, हा त्यांचा संसार. त्यातून जो वायू बाहेर पडतो तोच कुजक्या अंड्याचा वास. त्याची लोहाशी गाठ पडली की चिखल काळा होतो. पण याच व्यवहारात ते बायकार्बोनेटही सोडतात, म्हणजे दगडाला लागणारा अर्धा माल.

तिसरी गोष्ट म्हणजे तो बुळबुळीतपणा. जीवाणू स्वतःभोवती एक चिकट द्रव सोडतात. खारेपणापासून आणि उन्हापासून बचाव हा त्याचा मुख्य उपयोग. पण त्या चिकटपणाला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कण येऊन अडकतात. साखरेच्या पाकात दोरा सोडला की खडीसाखर त्याला धरून वाढते. तसेच इथे खनिजाच्या पहिल्या कणाला बसायला पाट मिळतो.

तुम्ही म्हणाल, इतक्या खाऱ्या पाण्यात काही जगते तरी का? आपल्या लोणच्याचा भरवसाच या गोष्टीवर आहे. कन्नडमध्ये तर लोणच्याला नावच 'उप्पिनकायि', मिठातले फळ. मिठात जंतू टिकत नाहीत म्हणून कैरी वर्षभर टिकते. पण सगळेच जंतू सारखे नसतात. मांडवीकाठच्या रायबंदर येथील मिठागरांवर गोव्यातल्या संशोधकांनी बरीच वर्षे काम केले आहे. सविता केरकर आणि लोकाभारती यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पाणी मिठाने संपृक्त होते त्या काळातही सल्फेटवर जगणाऱ्या या जीवाणूंचे काम मंदावण्याऐवजी उलट वाढते. रायबंदरच्याच मिठागरातून इतर संशोधकांनी मिठाशिवाय जगूच न शकणारे सूक्ष्मजीवही वेगळे केले आहेत. जगभरच्या मिठागरांत शेवटच्या वाफ्याचे पाणी गुलाबी-तांबूस दिसते ते अशांमुळेच. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर एकाएकी गुलाबी झाले होते, आठवते? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या पाण्यात याच जातीचे क्षारप्रेमी जीव असल्याचे सांगितले होते.

आता पुन्हा रांगोळीच्या दगडाकडे येते, कारण खरे कोडे तिथे आहे.

देओदा द दोलोमिए नावाच्या फ्रेंच भूगर्भतज्ज्ञाने १७९१ मध्ये आल्प्स पर्वतातल्या या न फसफसणाऱ्या खडकाचे वर्णन लिहिले. त्याच्याच नावावरून खडकाला डोलोमाइट म्हणू लागले. पुढे लक्षात आले, की पृथ्वीवरच्या जुन्या खडकांत डोलोमाइटचे डोंगरच्या डोंगर आहेत, पण आजच्या समुद्रात तो जवळपास तयारच होत नाही. समुद्रात मालाची टंचाई आहे म्हणावे तर तेही नाही. मॅग्नेशियमचे कण तर कॅल्शियमच्या पाचपट आहेत. सामान सगळे हजर, पाहुणे हजर, पण लग्न काही लागत नाही!

अमेरिकेतल्या लिंटन लँड या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत डोलोमाइटला लागणारे सगळे क्षार हजारपट जास्त प्रमाणात पाण्यात घालून ठेवले आणि वाट पाहिली. किती? ३२ वर्षे. १९९८ मध्ये त्याने प्रामाणिकपणे लिहून टाकले, की साध्या तापमानाला डोलोमाइटचा कणही तयार झाला नाही. विज्ञानात अपयशही असे लिहून ठेवतात, आणि ते वाचूनच पुढचा माणूस वाट बदलतो.

अडचण मुख्यतः मॅग्नेशियमची. त्याच्या कणाभोवती पाण्याचे रेणू इतके घट्ट गोळा झालेले असतात, की लग्नघरातला नवरदेवच जणू. पाहुण्यांच्या गराड्यातून त्याला बोहल्यापर्यंत आणायचे कोणी?

याचे एक उत्तर ब्राझीलमध्ये मिळाले. रिओ दि जानेरोच्या पूर्वेला 'लागोआ व्हर्मेल्हा', म्हणजे तांबडे सरोवर, नावाची खाऱ्या पाण्याची उथळ खाजण आहे. तिच्या तळाच्या काळ्या चिखलात कोवळा डोलोमाइट सापडला. क्रिसोगोनो व्हास्कॉन्सेलोस, ज्युडिथ मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच चिखलातले सल्फेटवर जगणारे जीवाणू प्रयोगशाळेत वाढवले आणि त्यांच्या संगतीत डोलोमाइट तयार झालेला पाहिला. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. सल्फेट कमी करणे, बायकार्बोनेट वाढवणे आणि मॅग्नेशियमच्या भोवतीचा पाण्याचा गराडा सैल करणे, ही कामे जीवाणू आणि त्यांचा चिकट द्रव करतात, असा अर्थ निघाला. डोलोमाइटला प्रत्येक ठिकाणी जीवाणू लागतातच का, यावर अजून वाद आहे, आणि तो असणे चांगलेच. पण खारट चिखलातल्या या जीवांकडे घाण म्हणून पाहणे मात्र तेव्हापासून संपले.

दुसरे उत्तर अगदी अलीकडचे, २०२३ च्या नोव्हेंबरातले. ते वाचताना मला आमचा उंबराच आठवला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या आणि जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की डोलोमाइटचा स्फटिक वाढताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपापल्या थरात न बसता कुठेही बसतात. एकदा अशी चूक झाली की पुढचा थर बसत नाही आणि वाढ खुंटते. पण पाण्याचा खारेपणा मधूनच कमी झाला, पाऊस आला, भरती आली, तर चुकीच्या जागी बसलेले कण आधी विरघळतात. नीट बसलेले टिकतात. मग पाणी पुन्हा आटले की त्या स्वच्छ जागेवर पुढचा थर बसतो. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन तासांत सुमारे ४,००० वेळा असे थोडे थोडे विरघळवले. आधी कोणाच्या प्रयोगात पाचपेक्षा जास्त थर चढले नव्हते, इथे सुमारे ३०० चढले.

म्हणजे लिंटन लँड ३२ वर्षे स्वस्थ थांबला, तिथेच गाडी अडली. नुसते साचवून आणि वाट पाहून तो दगड होत नाही. भिजणे आणि वाळणे, चढणे आणि धुऊन जाणे, दोन्ही लागतात. कालचे चुकलेले धुऊन टाकायचे आणि त्या जागी नवे काढायचे. हे मी सूनबाईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अत्ती, हे तर आम्ही रोज करतो!"

तो जो वाळणे-भिजण्याचा फेरा, तो आगरवाड्याच्या मिठागरात वर्षभर चालतो. दिवसाला दोनदा भरती, दोनदा ओहोटी. उन्हाळ्यात मीठ, पावसाळ्यात गोड्या पाण्याचा पूर. खाजनातल्या शेतात त्या दिवसांत खारे पाणी सोसणारे कोरगुट भात उभे असते आणि मिठागराच्या वाफ्यांत मासळी येते. आगरवाड्याच्या चिखलात डोलोमाइट सापडला असे मी म्हणत नाही. पण चुनखडीचा पहिला कण बसतो तो मिठागराच्या पहिल्या वाफ्यात, आणि त्याला हात लावणारे जीवाणू तिथे घर करून असतात.

जुन्या काळी याच वस्तीने आपले डोंगर रचायला मदत केली. बागलकोटच्या चुनखडकांत आणि डोलोमाइटमध्ये स्ट्रोमॅटोलाइट सापडतात. कापलेल्या कोबीसारखे, एकावर एक चढलेले पातळ थर. शंभर कोटी वर्षांहून जुन्या उथळ समुद्रात नील-हरित जीवाणूंच्या चटया वाढल्या, त्यांच्यात चुनखडी अडकली, त्यावर नवी चटई चढली आणि त्याचा दगड झाला. असे दगड आज जिवंतपणी तयार होताना पाहायचे तर ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शार्क बे येथे जावे लागते, आणि तिथले पाणीही समुद्राच्या जवळपास दुप्पट खारे आहे. त्या खारेपणामुळे चटया खाणारे गोगलगाईसारखे प्राणी तिथे फारसे टिकत नाहीत, म्हणून त्या वाचल्या.

आणि डिचोली? तिथल्या लोहखनिजाच्या खडकांना भूगर्भशास्त्रात डिचोलीचेच नाव आहे. लोहाच्या आणि गारेच्या पट्ट्यांबरोबर त्यांत चुनखडकाचेही थर येतात. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात विरघळलेले लोह तळाला बसण्यामागे प्राणवायू सोडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा हात असावा, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. मी मामेभावाला म्हटले, "अरे, तू ट्रकमधून वाहून नेत होतास ते आणि काठीवर आता धरलं आहेस ते, हा एकाच घराण्याचा कारभार आहे. तिथला माल अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा, इथला आजचा. तिथला संपला की संपला. इथला दर वर्षी नवा."

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पण आक्का, दगड तयार होतो म्हणून घर चालत नाही."

हेही खरेच होते. विज्ञानाच्या बाईने याचे उत्तर टाळू नये. मिठागराला उतरती कळा काही आज लागलेली नाही. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातल्या मीठ पिकवण्यावर इंग्रजांचा ताबा आला, अनेक मिठागरे बंद पडली, आणि तो करार १८९२ मध्ये संपेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेले. एके काळी गोव्याचे मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून आपल्या बेळगाव-धारवाडकडे येत असे. अलीकडे, २००६ पासून, आयोडिन नसलेले मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आहे. ती आरोग्यासाठी योग्यच आहे, रोजच्या जेवणात आयोडिनचेच मीठ वापरावे. पण त्यामुळे मिठागरातल्या जाड्या मिठाला माडाच्या मुळाशी घालणे, मासळी खारवणे एवढीच गिऱ्हाइके उरली. पावसाचे वेळापत्रक बदलले. जानेवारी-फेब्रुवारीत एक अवकाळी सर आली तरी महिन्याची मेहनत विरघळते.

मग मी त्याला या चिखलाचा घरगुती हिशेब सांगितला. तो हिरवा पापुद्रा वाफ्याचा तळ बांधून ठेवतो आणि पाणी जमिनीत झिरपू देत नाही. मिठागरांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे जगभर पाहिले आहे. शेवटच्या वाफ्यातले तांबूस जीव ऊन शोषून घेतात, त्यामुळे पाणी लवकर आटते. पहिल्या वाफ्यात चुनखडी नीट बसली तर पुढचे मीठ स्वच्छ येते. पापुद्रा फार माजला तर मीठ चिकट होते, तेव्हा तो आवरावाही लागतो. हे किती ठेवायचे आणि किती काढायचे ते मामाला डोळ्यांनी कळत होते. त्याने कधी जीवाणू हा शब्द ऐकला नसेल, पण त्या कामगारांना तो ओळखत होता. एकदा बांध मोडून पाणी कायमचे साचले, की भिजण्या-वाळण्याचा फेरा थांबतो, चिखलावर चिखल चढतो आणि तो तळ पुन्हा धरायला वर्षे लागतात. आणि मिठागराच्या मागे शेजाऱ्यांची भातशेती आहे. बांध फुटला तर खारे पाणी त्यांच्या शेतात जाते. तेव्हा प्रश्न तुझ्या एकट्याच्या घराचा नाही.

मामी उंबऱ्यात बसून सगळे ऐकत होती. सूनबाईने तिला आपल्याकडची एक म्हण सांगितली, "उप्पिगिंत रुचियिल्ल, तायिगिंत बंधुविल्ल." मिठापरती चव नाही, आईपरते नाते नाही. मामीला कन्नड येत नाही, पण 'तायि' तेवढे तिला कळले. तिने सूनबाईचा हात धरून ठेवला.

निघताना निर्णय काही झाला नाही. मीही आग्रह धरला नाही. ज्याला कर्जाचे हप्ते भरायचे आहेत त्याला बांधावर उभे राहून उपदेश करणे सोपे असते. पण पंधरा दिवसांनी फोन आला. भगदाड बुजवायला शेजारचे तिघे मदतीला आले. सगळे मिठागर उभे करणे यंदा जमणार नाही, अर्धेच वाफे घेतले आहेत. कोळंबीवाल्यांना एक वर्ष थांबा म्हणून सांगितले आहे. पहिल्या वाफ्यातला पापुद्रा त्याने खरवडून फेकला नाही. "बघतंय, काय करता तें," म्हणाला. माझ्या मते ही सुरुवात आहे. पुढचे वर्ष काय आणील ते आताच कोणी सांगू नये.

येताना मामीने एक पोतडी मीठ दिले. जाडे, किंचित करडे, हातात घेतले की काचेच्या मण्यांसारखे. कन्नडमध्ये याला 'कल्लुप्पु' म्हणतात, दगडमीठ. मी कितीदा हा शब्द ऐकला होता, पण दगड आणि मीठ एकाच वाफ्यात शेजारी शेजारी राहतात म्हणून तो किती अचूक आहे, हे आता कळले.

घरी मुले असतील तर येत्या सुट्टीत एक करून पाहा. अंड्याचे कवच, एखादी शिंपी आणि चमचाभर रांगोळी तीन बशांत घ्या. तिन्हींवर लिंबू पिळा आणि कोण फसफसते ते पाहा. मग रांगोळीवर कोमट व्हिनेगर टाका. सगळ्याच डब्यांत डोलोमाइट असतो असे नाही, काही रांगोळी लिंबालाच फसफसेल, काही कशालाच नाही. जे दिसेल ते मुलांना वहीत लिहायला सांगा. आणि पेडण्याच्या बाजूने जाणे झाले, रस्त्याकडेला कोणी मीठ घेऊन बसलेले दिसले, तर गाडी थांबवा. माडाला घालायला किंवा मासे खारवायला का होईना, दोन किलो घ्या. खाल्ल्या मिठाला जागावे असे आपण म्हणतो. त्या मिठामागे वाफ्यात राबणारा माणूस आहे, आणि त्याच्या पायाखाली, न दिसणारे, त्याच्याहूनही जुने कामकरी आहेत.

आज सकाळी सूनबाईने सडा घातला, कालची रांगोळी धुऊन काढली. नातू शेजारी उकिडवा बसून पाहत होता. म्हणाला, "आई, चुकलेलं आधी जातं ना?"

ती म्हणाली, "हौदु. बरोबर असतं ते राहतं."

आणि तिने पहिला ठिपका ठेवला. ओंदु.